ताल, बांध आणि दख्खनची माती

मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगेत उगम पावते आणि लातूर व बीदर या जिल्ह्यांतून वळणे घेत तेलंगणात उतरते. या नदीवर अच्चमपेठ गावाजवळ निजाम सरकारने १९२३ साली धरण बांधावयास घेतले आणि १९३१ साली ते पुरे केले. नवाब अली नवाज जंग यांच्यासारख्या कर्तबगार अभियंत्याच्या देखरेखीखाली हे काम झाले. निजामसागर हे त्या काळच्या हैदराबाद संस्थानाचे मोठे अभिमानस्थान होते. त्याच्या पोटात सुमारे ३० अब्ज घनफूट पाणी मावेल असा हिशेब होता. पुढे चार दशकांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ही क्षमता निम्म्याहूनही पुष्कळ खाली आल्याचे आढळले. धरणाला भेग पडली नव्हती, नदीचे पाणी आटले नव्हते. जलाशय गाळाने भरला होता. मग पाणीपातळी वाढवून गेलेल्यापैकी काही साठा परत मिळवावा लागला.

तो गाळ म्हणजे दुसरे काही नसून पाटोदे, केज, निलंगे, भालकी या बाजूच्या शेतांतली माती होती. निजामसागराच्या तळाशी जे साचले, ते वरच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून उणे झाले. पट्टीचा आकार सातबाऱ्यावर तेवढाच राहिला. कमी झाली ती खोली, आणि खोलीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. दख्खनच्या पठारावर माती अडविण्याचे जे प्रयत्न गेल्या दीडशे वर्षांत झाले, त्यांचा इतिहास या न नोंदल्या गेलेल्या तुटीचा इतिहास आहे.

ही माती जाते कशी, हे आधी पाहिले पाहिजे. सोलापूर, विजापूर, रायचूर या पट्ट्यातली खोल काळी जमीन डोळ्यांना सपाट दिसते. तिचा उतार शंभर फुटांत एक-दोन फुटांहून क्वचितच अधिक असतो. डोंगराळ मुलखात माती ढासळते तशी ती येथे ढासळत नाही. पण या जमिनीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाच्या पहिल्या सरींचे पाणी त्या भेगांतून खोल जाते. मग चिकणमाती फुगते, भेगा बुजतात, आणि त्यानंतर पडणारे पाणी आत शिरण्याचे जवळजवळ थांबते. याच जमिनीत पेरणी मात्र रब्बीची होते. शेतकरी सारा पावसाळा शेत मोकळे ठेवतो, तण उगवू नये म्हणून कुळवाच्या पाळ्या घालतो आणि भाद्रपद-आश्विनात वाफसा आला की शाळू पेरतो. या भागातला जोराचा पाऊस नेमका उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. म्हणजे आभाळ जेव्हा सर्वांत अधिक ओतते, तेव्हा जमीन उघडी, भुसभुशीत आणि तृप्त अशी पडलेली असते. पावसाचा थेंब उघड्या ढेकळावर आपटला की ढेकूळ फुटते आणि बारीक कण वर उडतात. धूप वाहत्या पाण्याने सुरू होते असे पूर्वी मानीत. ती थेंबाच्या आघातानेच सुरू होते, हे अमेरिकेतील एलिसन या संशोधकाने १९४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. उडालेले कण घेऊन पाणी पातळ थराने सरकते. ओघळ पडलेला दिसतो. हा थर दिसत नाही. एक हेक्टर शेतावरचा एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे १३० टन माती. वर्षाला त्यातला दशांश गेला, तरी शेतधन्याला त्याचा पत्ता लागत नाही.

जुन्या शेतकऱ्याला हे कळत नव्हते असे मात्र नाही. देशावर उताराच्या आडवी दगडाची किंवा मातीची ताल घालण्याची रीत फार जुनी आहे. नाल्याच्या तोंडाशी ओबडधोबड दगड रचावयाचे, पावसाळ्यात त्यांच्यामागे गाळ बसू द्यावयाचा, पुढच्या वर्षी आणखी एक थर चढवावयाचा. अशा रीतीने एका पिढीत घातलेल्या ताली दुसऱ्या पिढीला सुपीक खाचर देऊन जात. कर्नाटकाच्या सीमेकडे या कामात वडार मंडळींचा हात धरणारा कोणी नव्हता. माती किती ओली असता दाबावी, पोटाला किती ढाळ द्यावा, सांडवा कोणत्या अंगाला काढावा, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. तरी या जुन्या रीतीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. तालीमागे जे खाचर तयार होई, ते वरच्या शेजाऱ्याच्या मातीचे. वरच्याची धूप हीच खालच्याची कमाई. म्हणून ज्याचे शेत ओढ्याच्या काठी त्याला वरची माती थांबावी असे वाटण्याचे कारण नव्हते, आणि वरचा बहुधा गरीब. गावची एकी माती अडविण्यापुरती तरी सहजासहजी होत नसे, याचे मूळ येथे आहे.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड बसले. सारा ठरविण्याच्या सोयीसाठी शेते होता होईतो सरळ रेषांनी आखली गेली. त्या रेषांना उताराशी देणेघेणे नव्हते. शेतकरी हद्दीला समांतर नांगर धरू लागला, आणि जेथे हद्द उताराच्या दिशेने गेली तेथे प्रत्येक तास पाण्याची पन्हळ झाला. रस्ते आणि लोहमार्ग आले तेव्हा त्यांच्या भरावांनी पाणी अडविले व मोऱ्यांतून एका जागी सोडले; मोरीखालच्या शेतातून घळ पडली ती पडलीच.

या सर्व गोष्टींकडे ज्या एतद्देशीय विचारवंताने पहिल्यांदा शेतकऱ्याच्या बाजूने बोट दाखविले, तो जोतिराव फुले. १८८३ साली त्यांनी लिहून पुरे केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात धर्म, सावकारी आणि नोकरशाही यांवरचे कोरडे सर्वांना माहीत आहेत. त्यातल्या शेतीविषयक सूचनांकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. डोंगरउतारावरून येणारे पाणी व त्याबरोबरचे पालापाचोळ्याचे खत शेतात मुरावे, वाहून जाऊ नये, यासाठी जागोजाग ताली व बांध घालावेत, आणि हे काम सरकारने आपल्या पदरच्या रिकाम्या लष्करी व पोलीस शिपायांकडून करून घ्यावे, असे त्यांनी सुचविले. जोतिराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत. मातीचे काम म्हणजे काय, त्याला किती हात लागतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. या सूचनेतले मर्म असे की, माती राखणे हे एकट्या कुणब्याच्या आवाक्यातले काम नव्हे. ज्या सरकारने सारा घ्यावयाचा त्यानेच मनुष्यबळ पुरवावे.

योगायोग असा की, त्याच १८८३ साली सरकारनेही जमीनसुधारणेसाठी कर्जाचा कायदा केला. परंतु त्याची दिशा उलटी होती. शेतकऱ्याने तगाई काढावी, बांध घालावा आणि व्याजासह फेड करावी. हातात विहिरीचे पाणी असलेल्याला हे परवडे. कोरडवाहू शेतकऱ्याने पोटापुरते कर्जही सावकाराकडून घेतलेले असे. दिसत नाही अशा तुटीसाठी तो सरकारचे कर्ज कशाला काढील? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत लक्षावधी माणसे सरकारी कामांवर आली. त्यांच्या हातांनी मुख्यतः खडी फोडली गेली, रस्ते झाले, काही तलावही झाले. शेतांची बांधबंदिस्ती मात्र खासगी मालमत्तेचे काम ठरून बाजूस राहिली. हे वाया गेलेले श्रम मनात आले म्हणजे फुल्यांच्या सूचनेची किंमत कळते.

शास्त्रीय बाजूने प्रारंभ झाला तो विसाव्या शतकात. डॉ. हॅरोल्ड मॅन हे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक. दख्खनच्या खेड्यांची त्यांनी केलेली पाहणी प्रसिद्धच आहे. त्यांच्या कारकिर्दीत १९२३ च्या सुमारास पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीच्या प्रश्नाला हात घातला, आणि ते काम पुढे कानिटकर यांनी वाढविले. लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही शेती आयोगाचा अहवाल १९२८ साली बाहेर पडला. त्याच्या शिफारशीवरून १९२९ साली मध्यवर्ती शेती संशोधन परिषद स्थापन झाली. या परिषदेच्या पैशाने १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रे उघडली. यांतली पहिली चार एकाच काळ्या पट्ट्यातली, परंतु त्या वेळी तीन निरनिराळ्या राजवटींत विभागलेली होती : सोलापूर व विजापूर मुंबई इलाख्यात, हगरी मद्रास इलाख्यात, रायचूर निजामाकडे. आज सोलापूर महाराष्ट्रात आणि उरलेली तीन कर्नाटकात आहेत. जमीन मात्र तीच आहे.

सोलापूरच्या केंद्रात जी मोजणी झाली, तिची पद्धत अमेरिकेतील मिझुरी येथे १९१७ साली प्रथम अवलंबिलेली होती. ठरावीक मापाचे वाफे कडांनी बंदिस्त करावयाचे, खालच्या टोकाला हौद बांधावयाचा, प्रत्येक पावसानंतर हौदात आलेले पाणी मोजावयाचे आणि त्यातली माती वाळवून वजन करावयाचे. एका वाफ्यात नैसर्गिक गवत, एकात उभे पीक, एक नांगरलेला, एक नुसता वरवर कुळवलेला. गवताच्या वाफ्यातून जाणारी माती नगण्य भरली. उघड्या, वरवर कुळवलेल्या वाफ्यातली तिच्या कितीतरी पट. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जी मशागत चांगली म्हणून केली, तीच मातीच्या मुळावर येत होती, हे प्रथमच तागडीत दिसले. यांतून सिद्ध झालेल्या शिफारशींना 'मुंबई पद्धत' असे नाव पडले. समपातळीवर बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, पावसाआधी तीन-चार कुळवण्या द्याव्यात, शेणखत घालावे, ओळींत अंतर ठेवून बी थोडे पेरावे, कोळपण्या वरचेवर कराव्यात. कानिटकर यांचा कोरडवाहू शेतीवरील इंग्रजी ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे बराच काळ या विषयाचा तोच आधार राहिला.

मात्र या पद्धतीने उत्पन्न किती वाढले? शेकडा पंधरा ते वीस. ज्या शेतात एकरी दीड-दोन मण जोंधळा यावयाचा, तेथे ही वाढ म्हणजे काही पायल्या. बांधाचा खर्च, बांधाखाली गेलेली जमीन आणि जादा मशागत यांच्या हिशेबात ती कोठच्या कोठे नाहीशी होई. शास्त्रज्ञांनी वाचविलेली माती पुढच्या पिढीची होती, आणि खर्च चालू सालचा. हा पेच मोजणीने सुटणारा नव्हता.

तो कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न १९४२ साली झाला. मुंबई जमीनसुधारणा योजना अधिनियम याच साली आला. पाणलोटाच्या हिशेबाने योजना आखावी, बहुसंख्य खातेदारांची संमती असेल तर थोड्यांचा विरोध असतानाही काम करावे, काही खर्च सरकारने सोसावा व उरलेला खातेदारांकडून हप्त्यांनी वसूल करावा, असा त्याचा साधारण आशय होता. पाण्याला सर्व्हे नंबर नसतो, ही गोष्ट कायद्यात प्रथमच उतरली. आणि लागलीच विजापूर जिल्ह्यात १९४२-४३ चा दुष्काळ पडला. या वेळी मात्र दुष्काळी कामांत बांधबंदिस्तीला मोठे स्थान मिळाले. खडीच्या ढिगाऐवजी शेतातून मैल मैल समपातळी बांध उभे राहिले. जोतिरावांच्या ग्रंथाला तोवर साठ वर्षे होत आली होती. शिपायांऐवजी अन्नान्नदशेला लागलेल्या कुणब्यांकडून त्यांच्याच शेतातले काम करून घेतले गेले, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली मध्यवर्ती मृदसंधारण मंडळ स्थापन झाले आणि पंचवार्षिक योजनांनी या कामाला पैसा व यंत्रणा दोन्ही दिली. डेहराडून, कोटा, बळ्ळारी, वासद अशा ठिकाणी संशोधनकेंद्रे निघाली. यांतले वासद हे बडोद्याजवळ, मही नदीच्या कोतरांच्या काठी आहे. ग्वाल्हेरकरांना चंबळेचे बेहड जसे परिचित, तशीच ही कोतरे. तेथे माती पातळ थराने न जाता सारे शेतच रातोरात खोऱ्यात उतरते. चंबळेत १९८० नंतर विमानातून विलायती बाभळीचे बी फेकण्यात आले. त्याने काही उतार हिरवे झाले, आणि गुरांना न चालणाऱ्या काट्यांचे रान माजले. बेहडांचा तो इतिहास स्वतंत्र सांगण्याजोगा आहे.

दख्खनच्या बांधांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यांचे खरे दुखणे पुढेच निघाले. समपातळी बांध हलक्या व मध्यम जमिनीत चांगले टिकले. खोल काळ्या जमिनीत त्यांनी दगा दिला. या जमिनीत पाणी मुरत नाही हे वर सांगितलेच आहे. तेव्हा बांधाच्या पोटाशी दिवसचे दिवस पाणी तुंबून राही व तेवढ्या पट्ट्यातली पेरणी लांबे किंवा पीक पिवळे पडे. उन्हाळ्यात बांधाच्या मातीलाच भेगा पडत, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्यांतून शिरून बांध फोडी. फुटलेला बांध न घातलेल्या बांधापेक्षा वाईट, कारण आधी जे पाणी पसरून जात असे ते आता एका भगदाडातून ओघळ पाडीत जाते. शिवाय समपातळीची रेषा नागमोडी. ती खातेदाराच्या पट्टीचे तिरपे तुकडे पाडी, बैल वळविण्यास अडचण होई, आणि एका भावाच्या वाट्यात बांध तर दुसऱ्याच्या वाट्यात सांडवा येई. ज्यांच्याकडून खर्चाची वसुली झाली, त्यांनीच पुढे कित्येक बांध नांगरून टाकले. सरकारी अहवालांत बांधलेल्या एकरांचा आकडा वाढत गेला. मोडलेल्या एकरांचे रकानेच त्यांत नव्हते. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हा प्रश्न मिटविण्याची तेव्हा चाल होती. वस्तुतः त्याला बांध नको होता असे नव्हे. त्याला तो हद्दीवर हवा होता, जेथे जमीन वाया जात नाही आणि शेजाऱ्याशी तंटाही होत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाने या कामाला पुन्हा जोर आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने पक्की झाली, आणि नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. या कामांनी माणसे जगविली, याविषयी दुमत नाही. माती किती राखली, याचे उत्तर गावागावाला निराळे आहे. कारण जेथे कामाचे मोजमाप घनमीटरांत होते, तेथे खड्डा कोठे खणावयाचा हा विचार मागे पडतो.

खोल काळ्या जमिनीचे कोडे सोडविण्यासाठी दुसरा एक मार्ग हैदराबादजवळ पाटणचेरू येथे शोधला गेला. तेथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने पाणी अडविण्याऐवजी ते सावकाश वाट देऊन बाहेर काढण्याचा विचार केला. सौम्य ढाळाने रुंद वरंबे व सऱ्या पाडावयाच्या, पावसाआधीच कोरड्यात पेरणी करावयाची म्हणजे पावसाळ्यात जमीन झाकलेली राहील, आणि सऱ्यांतून गवताळ पाटात निघालेले पाणी तळ्यात साठवावयाचे. १९७६ पासून तेथे चाललेल्या दीर्घ प्रयोगात जुन्या पद्धतीच्या शेतातून हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती दरसाल गेली, नव्या पद्धतीच्या शेतातून दीड टनाच्या आसपास. आणि धान्य चौपटीहून अधिक आले. सोलापुरी पंधरा-वीस टक्क्यांपुढे हा आकडा विलक्षणच. तरीही ही पद्धत शेतकऱ्यांत बेताचीच पसरली. तिच्यासाठी काढलेले बैलाचे औजार महाग होते, आणि पाण्याची वाट अनेकांच्या शेतांतून काढावी लागते. पुन्हा हद्दीचा दगड आडवा आला. शिवाय जेथे पाऊस पाटणचेरूपेक्षा कमी व बेभरवशाचा, त्या सोलापूर-विजापूरकडे पावसाळी पीक घेण्याचा धोका शेतकरी सहसा पत्करीत नाही.

१९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या दोघा शास्त्रज्ञांनी सबंध देशाचा अंदाज मांडला. वर्षाला ५३३ कोटी टनांच्या वर, म्हणजे हेक्टरी १६ टनांहून थोडी अधिक, माती जागची हलते. त्यातली शेकडा २९ समुद्रात जाते, १० जलाशयांत बसते आणि उरलेली ६१ येथून तेथे सरकते. जलाशयांतली ती दहाच टक्के काय करतात, हे पाहावयास तुंगभद्रेकडे जावे. १९५३ साली पुऱ्या झालेल्या या धरणाची मूळ क्षमता १३३ अब्ज घनफुटांच्या घरात होती. या शतकातल्या मोजण्यांत ती १०० ते १०५ च्या दरम्यान आली. त्यामुळे कालव्याच्या शेपटाकडील रायचुरी शेतकऱ्याला पाणी कमी पडते, आणि त्याच्या वाट्यासाठी तीन राज्ये भांडतात.

महाराष्ट्र सरकारने २०१७ साली धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सुरू केली. आरंभी उपसण्याच्या यंत्राचा भार सरकार सोसत असे, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावयाचा असे. उन्हाळ्यात बीड-लातूरकडे कोरड्या तलावाच्या पोटात ट्रॅक्टरांची रांग लागते. चढावरच्या मुरमाड पट्टीत वीतभर काळा थर पसरून मिळावा म्हणून शेतकरी खेपेमागे भाडे मोजतो. पसरलेला गाळ बांध नसलेल्या शेतात पडला असेल, तर मृगाच्या पावसाबरोबर तो पुन्हा त्याच तलावाच्या वाटेला लागतो.